गाडीवेड्याला भेट द्यायची आहे? खरेदीला निघण्याआधी हे करा

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मामेबहिणीचा फोन आला. पुण्यात नाना पेठेत, गाड्यांच्या सामानाच्या एका दुकानात ती उभी होती. "दादाला गाड्यांचं वेड आहे हे सगळ्या घराला माहीत आहे, पण इथे भिंतभर वस्तू लटकल्यात. त्यातलं काय घेऊ?" दुकानदार तिला स्टिअरिंग कव्हर, एलईडीची पट्टी आणि कार्बन फायबरसारखं दिसणारं स्टिकर दाखवत होता. मी तिला एवढंच विचारलं, "रविवारी सकाळी दादा गाडीचं काय करतो?" ती म्हणाली, "धुतो. दोन-दोन तास धुतो. त्याच्या फडक्याला कुणी हात लावलेला चालत नाही." मग काय घ्यायचं ते दहा मिनिटांत ठरलं.

तेव्हापासून ज्यांनी ज्यांनी मला हा प्रश्न विचारला, त्यांना मी आधी हेच विचारतो. तुम्हाला स्वतःला गाड्यांतलं काही कळत नसलं तरी चालेल. त्या माणसाकडे नीट बघितलंत की पुरे.

पायरी पहिली: रविवारची सकाळ बघा

कुणी गाडी धुतो. कुणी पहाटे उठून ताम्हिणी घाटात चक्कर मारून येतो. कुणी बॉनेट उघडून उभा राहतो आणि हात काळे करून घरात येतो. कुणी कपाटातल्या छोट्या गाड्या पुसून पुन्हा रांगेत लावतो. आणि कुणाकडे आज गाडीच नाही, पण जुन्या फियाटचा विषय निघाला की ताटातलं जेवण थंड होतं. या सगळ्यांना आपण गाडीवेडेच म्हणतो, पण एकासाठी घेतलेली वस्तू दुसऱ्याच्या घरी माळ्यावर जाते. धुणाऱ्याला पान्यांचा सेट नको असतो, आणि बॉनेट उघडणाऱ्याला सुगंधी बाटली.

पायरी दुसरी: पार्किंगमध्ये जाऊन तीन फोटो काढा

भेट गाडीत वापरायची असेल तर ही पायरी चुकवू नका. पहिला फोटो चालकाचा दरवाजा उघडल्यावर चौकटीवर दिसणाऱ्या स्टिकरचा. टायरचा आकार आणि त्यात किती हवा भरायची हे बहुतेक गाड्यांत तिथे लिहिलेलं असतं. दुसरा डॅशबोर्डच्या खालच्या भागाचा. १२ व्होल्टचं गोल सॉकेट आहे की फक्त यूएसबी, हे त्यात कळतं. अलीकडच्या काही गाड्यांत गोल सॉकेट नसतंच, आणि मग त्यावर चालणारा पंप घेऊन उपयोग नाही. तिसरा पुढच्या सीटच्या बाजूचा. तिथे 'एअरबॅग' लिहिलेली छोटी कापडी पट्टी शिवलेली आहे का ते बघा. तिचं काम पुढे येईल.

जोडीला मॉडेल, गाडी घेतल्याचं वर्ष आणि तो माणूस आयफोन वापरतो की अँड्रॉइड, एवढं लिहून ठेवा. गाडीतला बिघाड फोनवर दाखवणाऱ्या स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरपैकी बरेच फक्त अँड्रॉइडशी जुळतात.

पायरी तिसरी: मुलांसाठी घेताना

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणं सक्तीचं आहे. रस्त्यावरची स्वस्त गाडी कितीही छान दिसली तरी चिन्ह नसेल तर घेऊ नका. रंग आणि सुटणारे भाग, दोन्हींचा धोका असतो. तीन वर्षांखालच्या मुलाला लाकडी गाडी सगळ्यात उत्तम. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांवर लाखेचा रंग असतो आणि कडा गोल असतात. कोकणात जाणं झालं तर सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळण्यांची दुकानं बघा. मात्र मूल ती तोंडात घालणार असेल तर रंग कोणता वापरलाय हे विचारून घ्या. चाक हाताने जोरात ओढून बघा. निघालं तर गाडी परत ठेवा.

तीन ते सात वर्षांच्या मुलांना मागे ओढून सोडली की पळणारी गाडी द्या. सेंटीसारख्या भारतीय कंपन्यांच्या रिक्षा, ट्रक, ॲम्बॅसेडर दोन-तीनशे रुपयांत मिळतात. मूल रस्त्यावर जी गाडी बघतं तीच हातात आली की त्याला वेगळाच आनंद होतो. माझा भाचा महागडी परदेशी स्पोर्ट्स कार बाजूला ठेवून कचऱ्याच्या घंटागाडीशी तासन्‌तास खेळायचा.

सात-आठ वर्षांनंतर जमवण्याचा नाद सुरू होतो. इथे थोडं थांबतो, कारण कमी पैशांत सगळ्यात जास्त आनंद मिळतो तो इथे, आणि तोही सात ते सत्तर अशा सगळ्या वयांत. धातूच्या या छोट्या गाड्यांना डायकास्ट म्हणतात. मॅचबॉक्स १९५३ मध्ये इंग्लंडात सुरू झाली, हॉट व्हील्स १९६८ मध्ये अमेरिकेत. हॉट व्हील्सची साधी गाडी, जिला जमवणारे 'मेनलाइन' म्हणतात, आजही दोनशे रुपयांच्या आत मिळते.

खोक्यावर १:६४, १:४३, १:२४, १:१८ असे आकडे दिसतील. खरी गाडी किती पटींनी लहान केलीय ते त्यावरून कळतं. आपल्याकडची चार मीटरची हॅचबॅक १:६४ मध्ये साधारण सहा सेंटीमीटर होते, १:४३ मध्ये नऊ, १:२४ मध्ये सतरा आणि १:१८ मध्ये बावीस. मोठ्या मापाच्या गाडीचे दरवाजे, बॉनेट उघडतात, पुढची चाकं वळतात. बुरागो आणि माइस्टोच्या १:२४ गाड्या हजार-दीड हजारांपासून मिळतात, १:१८ त्याहून महाग. जमवणारा माणूस बहुतेक एकाच मापाच्या मागे असतो. त्याच्या कपाटात १:६४ च्या रांगा असतील तर १:१८ ची गाडी तिथे मावतही नाही. म्हणून कपाटाचा फोटो मिळवा. गाड्या पाकिटात बंद आहेत की बाहेर काढलेल्या, तेही बघा. बंद ठेवणाऱ्यासाठी कार्डाचा कोपरा दुमडला तरी भेटीची किंमत कमी होते, त्यामुळे ती कडक खोक्यातून न्या. कोणती गाडी त्याच्याकडे आधीच आहे हे कळत नसेल तर झाकण असलेली ॲक्रिलिकची पेटी द्या. जमवणाऱ्याला धुळीची चिंता कायम असते, आणि स्वतःसाठी पेटी घ्यायचं तो नेहमी पुढे ढकलतो.

रिमोटची गाडी घेताना २.४ गिगाहर्ट्झची बघा. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या दोन गाड्या एकत्र चालवल्या की एकीचा रिमोट दुसरीला हलवतो, आणि भावंडांत भांडण ठरलेलं. बॅटरीवर चालणारी, मुलाने आत बसायची मोठी गाडी मी सुचवत नाही. फ्लॅटमध्ये ती फिरवायला जागा नसते, चार्जिंग विसरलं जातं, आणि दोन वर्षांत मूल तिच्यात मावत नाही.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींसाठी लेगोच्या स्पीड चॅम्पियन्स मालिकेतली जोडायची गाडी किंवा गो-कार्टिंगच्या फेऱ्या, दोन्ही चांगलं. कार्टिंगला उंचीची अट असते, तिकीट काढण्याआधी विचारा. या वयाच्या मुलाला 'मोकळ्या रस्त्यावर जरा चालवून बघ' म्हणून खऱ्या गाडीची किल्ली मात्र कुणीही देऊ नये, मामा-काकांनीही नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात त्यासाठी पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचं होईपर्यंत लायसन्स मिळत नाही.

अठराव्या वाढदिवसाला ड्रायव्हिंग स्कूलची फी भरा. माझ्या मते या वयासाठी याहून चांगली भेट नाही, आणि मुलींना ती आवर्जून द्या. घरात गाडी असूनही 'तुला काय गरज आहे' असं ऐकून थांबलेल्या कितीतरी बहिणी, वहिन्या मी बघितल्यात. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्ससाठी ३० दिवसांनी अर्ज करता येतो, हे हिशेबात धरून क्लासची तारीख निवडा.

पायरी चौथी: मोठ्यांसाठी, त्यांच्या रविवारप्रमाणे

धुणाऱ्यासाठी मी मामेबहिणीला जे सांगितलं तेच इथे सांगतो. तयार किट घेऊ नका, स्वतः बांधा. आधी दोन बादल्या, एक शॅम्पूच्या पाण्याची आणि दुसरी फडकं खळबळायची. मातीचे कण दुसऱ्या बादलीत राहिले की पुन्हा रंगावर घासले जात नाहीत. उन्हात काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात, ते बहुतेक कोरड्या पिवळ्या फडक्याने धूळ झटकल्याने पडलेले असतात. म्हणून मायक्रोफायबरची तीन-चार फडकी घ्या. पाकिटावर जीएसएमचा आकडा असतो, कापड किती जाड ते त्यावरून कळतं. पुसायला ३५० च्या आसपासचं, गाडी सुकवायला ८०० किंवा त्याहून जाड. काचेसाठी वेगळं, आणि चाकांचं फडकं वेगळ्या रंगाचं, म्हणजे चुकून बॉनेटवर जाणार नाही. कार शॅम्पू घ्या. भांड्यांच्या साबणाने मेणाचा थर निघून जातो. चाकांचा ब्रश आणि एसीच्या जाळीत शिरेल असा मऊ छोटा ब्रश घाला. सगळं एका बादलीत रचा, दुसरी तिच्या खाली अडकवा आणि वरून रिबन बांधा. दीड-दोन हजारांत हे बसतं. सिरॅमिक कोटिंगसारखं (रंगावर चढवायचा संरक्षक थर) मोठं काम मात्र न विचारता भेट म्हणून देऊ नका. ते कुणाकडून करून घ्यायचं याबद्दल अशा माणसांची मतं पक्की असतात.

लांब फिरणाऱ्यासाठी टायरची काळजी घेणाऱ्या वस्तू द्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटण्याची भीती वाढते. पाच-सातशे रुपयांचा डिजिटल प्रेशर गेज ही लहानशी पण खरी कामाची भेट. बजेट दोन-अडीच हजार असेल तर १२ व्होल्टवर चालणारा पंप, त्याहून जास्त असेल तर बॅटरीवरचा. सोबत चिठ्ठीत लिहा, हवा टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघण्याआधी मोजायची. ट्यूबलेस टायरची पंक्चर किट चार-पाचशेत येते. घाटात रात्री अडकल्यावर तिची किंमत कळते.

डॅशकॅम, म्हणजे काचेवर लावून रस्त्याचं रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा, घ्यायचा तर आत बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला बघा. आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीत बॅटरी फुगते. मेमरी कार्ड साधं नको, सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं 'हाय एन्ड्युरन्स' घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापून जोडणी करू नका, सॉकेटवर चालवा.

बॉनेट उघडणाऱ्याला टॉर्क रेंच द्या. चाकाचा नट किती आवळायचा याचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, आणि या पान्याने तो बरोबर साधतो. दुसरी वस्तू ओबीडी स्कॅनर. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये लावला की इंजिनचा दिवा का लागलाय ते फोनवर वाचता येतं. भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या बीएस-४ (प्रदूषणाच्या नियमाचा टप्पा) गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे बिघाड नोंदवणारी ही यंत्रणा, लागू झाली, त्यामुळे त्याहून जुनी गाडी असेल तर आधी विचारा. काम झालं की काढून ठेवायचा हेही सांगा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

कुणालाही, कोणत्याही बजेटात चालेल अशी एक वस्तू आहे, ती म्हणजे आयएसआय चिन्हाचं एक किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक. भेट म्हणून ते विचित्र वाटेल, तरी मी दोघांना दिलंय. मुदतीची तारीख बघून घ्या. ते डिकीत ठेवायचं नाही, चालकाच्या हाताशी बसवायचं.

ज्यांची गाडी आता आठवणीत आहे

आता माझ्या सगळ्यात जवळचा विषय. साठी-सत्तरीच्या माणसांना नवी वस्तू नको असते. त्यांच्या पहिल्या गाडीची आठवण त्यांच्यापुढे ठेवा.

माझ्या काकांची प्रीमियर पद्मिनी १९९६ मध्ये विकली गेली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीची, स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा असलेली. पुढच्या सलग सीटवर आम्ही तिघं पोरं बसायचो. काकांच्या पंचाहत्तरीला काय द्यायचं हे ठरवताना मी घरचे अल्बम चाळले. गणपतीपुळ्याला गाडीपुढे उभ्या असलेल्या काकूंचा फोटो सापडला. त्यात नंबरप्लेट स्पष्ट होती. १९८९ मध्ये एमएच येण्याआधीची, तीन अक्षरांची. पाटी रंगवणाऱ्या पेंटरकडून तसाच नंबर, तशाच जाड हाताच्या अक्षरांत, काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने लिहून घेतला. सगळा खर्च नऊशे रुपये. काकांनी पाटी हातात घेतली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून आतल्या खोलीत गेले आणि तिची जुनी किल्ली घेऊन आले. विकताना एक किल्ली त्यांनी ठेवून घेतली होती, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. पाटी आणि किल्ली आता हॉलमध्ये शेजारी शेजारी आहेत.

तुम्हाला हे करायचं असेल तर आधी फोटो शोधा, अल्बममध्ये, लग्नाच्या फोटोंत, सहलीच्या फोटोंत. नंबर वाचता येत नसेल तर जुनी विम्याची पावती किंवा आरसी बुकाची प्रत मिळते का बघा. बॅज, चाकाची टोपी, जुना हॉर्न यासाठी मुंबईत चोर बाजार धुंडाळा, पुण्यात जुना बाजार. घासाघीस करा, पण घासून चकचकीत करू नका. गंज थोडा राहू द्या. पाटी मात्र भिंतीसाठीच, आजच्या गाडीवर लावायची नाही.

घरात मारुती ८०० होती तर हीच युक्ती. पहिल्या ८०० ची किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी दिली गेली होती. त्या काळात नंबर लावून वाट बघत घेतलेल्या गाडीची बुकिंगची पावती कुणी जपून ठेवली असेल तर ती फ्रेम करा. ॲम्बॅसेडर २०१४ मध्ये बंद झाली, मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी गेली. ज्यांनी आयुष्यभर त्या चालवल्या, त्यांच्यासाठी एका छोट्या काळ्या-पिवळ्या मॉडेलचं मोलही मोठं आहे.

पायरी पाचवी: हे देऊ नका

डॅशबोर्डवर ठेवायची गणपतीची जड मूर्ती आपण फार प्रेमाने देतो. पण २०२२ पासून बनलेल्या प्रत्येक कारमध्ये पुढच्या दोन्ही सीटसाठी एअरबॅग आहेत, आणि शेजारच्या सीटची एअरबॅग डॅशबोर्डमधूनच उघडते. तिच्या झाकणावरची मूर्ती अपघातात माणसावर फेकली जाते. देवाची आठवण हवी तर सपाट, पातळ, झाकणापासून दूर चिकटणारं चित्र द्या.

सीट कव्हरची चूक माझ्या हातूनच झाली आहे. मेव्हण्याला छान शिवलेली कव्हरं दिली आणि नंतर कळलं की त्याच्या सीटच्या बाजूला एअरबॅग आहे आणि कव्हर तिच्यावरून गेलंय. दुकानदाराने ना विचारलं होतं, ना सांगितलं होतं. ती काढावी लागली. म्हणून दुसऱ्या पायरीतला तो तिसरा फोटो.

सीट बेल्टचा आवाज बंद करणारी क्लिप कधीही देऊ नका. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना ती काढून टाकायला लावली. काळी फिल्म, पुढचा लोखंडी बंपर गार्ड, फॅन्सी नंबरप्लेट आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर या चारांनी दंडाची पावती घरी येते. उन्हासाठी पुढच्या काचेला आतून लावायचा चंदेरी पडदा द्या. तो फक्त गाडी उभी असताना वापरायचा.

पायरी सहावी: वस्तू नको असेल तर

महिंद्राची ऑफ-रोडिंग शिकवणारी जागा इगतपुरीजवळ आहे. जीप-थारवाल्यासाठी तिथला एक दिवस ही मोठी भेट. आधी चौकशी करून तारीख घ्या. सुट्टीत अहमदाबादला जाणार असाल तर काठवाड्याचं जुन्या गाड्यांचं संग्रहालय, दिल्लीकडे गेलात तर हरियाणात तावडूचं हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम, दक्षिणेत कोइंबतूरचं जीडी संग्रहालय बघा. रणगाडे आवडणाऱ्या मुलाला अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय दाखवा. परदेशी असलेले नातेवाईक 'तिकडून काय आणू' विचारतात, त्यातले जर्मनीतले असतील तर श्टुटगार्टच्या मर्सिडीज किंवा पोर्शे संग्रहालयातल्या दुकानातलं एखादं मॉडेल मागा. लिथियम बॅटरीचा पंप किंवा जंप स्टार्टर (बॅटरी उतरलेली गाडी सुरू करणारं यंत्र) आणत असतील तर तो चेक-इन बॅगेत टाकू नका म्हणावं.

पैसे अजिबात खर्च करायचे नसतील तर पहाटे उठा. मुंबईत हिवाळ्यात जुन्या गाड्यांची रॅली निघते. घरातल्या आठ वर्षांच्या मुलाला आणि सत्तरीच्या आजोबांना एकत्र घेऊन जा. आजोबा नावं सांगतात, नातू मोजत राहतो.

देताना

बिल जपून ठेवा आणि बदलून मिळायची मुदत विचारून घ्या. चार्ज करायची वस्तू आदल्या रात्री चार्ज करा. पंप आणि डॅशकॅम स्वतः एकदा चालवून बघा.

आणि दसऱ्याची भेट असेल तर ती दसऱ्याला देऊ नका. गाडी धुतली जाते आदल्या दिवशी, खंडेनवमीला. झेंडूचा हार आणि हळद-कुंकू त्यानंतर. बादली-फडक्यांची भेट अष्टमीच्या संध्याकाळी पोचली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला खालच्या नळाचा आवाज येईल.